भूल उतरताना मूल ओळखच देईना: तुमच्याकडे झालंय का असं?

सायली_नाशिक | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा. वर्षभर रात्री घोरणं, तोंडानं श्वास, महिन्याआड ताप. शेवटी गेल्या गुरुवारी ऍडेनॉइड (नाकामागची वाढलेली गाठ) आणि टॉन्सिल दोन्ही काढले. ऑपरेशन पाऊण तासात झालं. डॉक्टर बाहेर येऊन "छान झालंय" म्हणाले आणि आम्ही देवाला हात जोडले. मला लिहायचंय ते त्याच्या नंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

रिकव्हरीच्या, म्हणजे भूल उतरेपर्यंत पेशंटला ठेवतात त्या खोलीच्या दाराशी गेले तर आतून एक मूल किंचाळत होतं. ते माझंच आहे हे मला आत जाईपर्यंत कळलं नाही. त्याचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. डोळे टक्क उघडे, पण नजर माझ्या आरपार. पाठीची कमान करून टाचा खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटत होता. मी म्हटलं, "बाळा, आई आलीय." तर म्हणतो, "आई पाहिजे." जवळ घ्यायला गेले तर माझा हात झटकला, आणि पुन्हा "आई पाहिजे, आई पाहिजे." मी समोर उभी आणि तो माझ्याकडेच मला मागत होता.

हाताला फळी बांधून सलाईनची सुई लावलेली, ती ओढून काढली. रक्त चादरभर. माझा नवरा भिंतीला धरून खाली बसला. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं, उतरेल." वीस-पंचवीस मिनिटांनी एकदम गळून झोपला. तासाभरानं उठला आणि शांतपणे विचारलं, "आइस्क्रीम कधी?" त्याला काहीही आठवत नाही. मला मात्र रोज रात्री तो आवाज ऐकू येतो.

"होतं असं" हे त्यांना माहीत होतं, तर आदल्या दिवशी आम्हाला का नाही सांगितलं? दोन फॉर्मवर सह्या घेतल्या, उपाशी कधीपासून ठेवायचं ते सांगितलं, खर्चाचा अंदाज दिला. यासाठी दोन वाक्यं कुणाला जड होती?

आता खरा प्रश्न. त्याच्या एका डोळ्यात तिरळेपणा आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याचंही ऑपरेशन करायचंय. हे पुन्हा होईल का? टाळता येतं का? मेंदूला काही झालं नसेल ना?

कोवळंऊन | १३ जून, सकाळी ७:०५

सायली, अगदी अगदी. "आई पाहिजे" वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी लेक तीन वर्षांची असताना चार दातांचं काम पूर्ण भूल देऊन केलं. जागी झाली ती मला "मावशी" म्हणायला लागली. मला कुणी मावशीही नाही आणि तिलाही नाही. पंधरा मिनिटांत निवळलं. आज आठवीत आहे, गणितात माझ्यापेक्षा हुशार. तू झोप नीट.

गोदाकाठ | १३ जून, सकाळी ८:३०

माफ करा, पण मला हे पटत नाही. टॉन्सिलचं ऑपरेशन म्हणजे घशात ताजी जखम. पोर दुखण्यानं ओरडत होतं, पुरेसं दुखणं मारायचं औषध दिलं नसणार. आणि "होतं असं" म्हणून हात झटकले. आपण पेशंट लोक ऐकून घेतो म्हणून चालतं. माझ्या पुतण्याच्या वेळी मी रिकव्हरीतच आवाज चढवला, मग इंजेक्शन दिलं आणि पोर पाच मिनिटांत गप्प. तक्रार करा, लेखी.

मंदस्वर | १३ जून, दुपारी २:१५

मी भूलतज्ज्ञ आहे. कोल्हापूर, अठरा वर्षं हेच काम. दोन केसेसच्या मध्ये लिहितेय, तुटक झालं तर सांभाळून घ्या.

सायली, तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या पुस्तकातल्या वर्णनाशी शब्दन् शब्द जुळतं. भूल उतरतानाचा भ्रम म्हणतात याला. १९६१ साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी यावर सविस्तर लिहिलं होतं, म्हणजे नवीन काहीच नाही. दोन ते पाच-सहा वर्षांच्या मुलांत सगळ्यात जास्त दिसतं. बहुतेक वेळा जाग येण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतं, पाच-दहा मिनिटांपासून क्वचित पाऊण तासापर्यंत टिकतं आणि आपोआप ओसरतं. कान-नाक-घसा आणि डोळ्यांच्या ऑपरेशननंतर अधिक.

लहान मुलांना आपण बहुधा मास्कमधून वास देऊन झोपवतो, कारण जागेपणी सुई टोचली की पोर हादरतं. त्यासाठी सध्या सेव्होफ्लुरेन वापरतात. जपानमध्ये १९९० पासून आणि अमेरिकेत १९९५ पासून ते वापरात आलं. वास गोडसर, नाकाला झोंबत नाही, मूल चटकन झोपतं, चटकन जागं होतं. औषध म्हणून उत्तम आहे. पण याच्यानंतर हा भ्रम हॅलोथेन या भुलीच्या जुन्या औषधापेक्षा जास्त दिसतो. नेमकं का होतं यावर अजून एकमत नाही. एक अंदाज असा की मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. शरीर उठलेलं असतं, पण ओळख पटवणारा भाग अजून झोपेत असतो. म्हणून डोळे उघडे आणि आई समोर असून "आई पाहिजे".

गोदाकाठ, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. दुखण्यानं हे वाढतं, आणि दुखणं आहे की भ्रम हे ओळखणं आम्हालाही कधीकधी अवघड जातं. २००४ साली यासाठी एक मोजपट्टी तयार झाली. तीत पाच गोष्टी बघायच्या: मूल नजरेला नजर देतं का, हालचालींना काही हेतू आहे का, आजूबाजूचं भान आहे का, तळमळ किती, समजूत पटते का. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, एकूण वीस. दुखणारं मूल रडतं, पण आईला बिलगतं, दुखतं तिथे हात नेतं. भ्रमातलं मूल आईलाच लाथ मारतं. पहिल्या तीन गोष्टींवरून फरक कळतो.

पण त्याआधी ऑक्सिजन बघायचा, गरज वाटली तर साखर बघायची, लघवी तुंबलीय का बघायचं. ते न बघता "होतं असं" म्हणणं चूक. मेंदूच्या प्रश्नाचं उत्तर रात्री देते.

चाफेकळी | १३ जून, दुपारी ३:०२

गोदाकाठदादा, माझ्या मुलीला फिट्ससाठी एमआरआय करायचा होता. साडेतीन वर्षांची, मशीनमध्ये निपचित पडून राहणार नाही म्हणून भूल दिली. अंगावर एक ओरखडासुद्धा नाही, कुठे कापलं नाही, शिवलं नाही. तरीही उठल्यावर अर्धा तास असाच धिंगाणा. माझा चष्मा तोडला. दुखायला काही नव्हतंच हो.

गोदाकाठ | १३ जून, दुपारी ३:४०

चाफेकळी, हे माहीत नव्हतं. एमआरआयनंतरही होत असेल तर माझा मुद्दा पूर्ण बरोबर नाही, मान्य. तरी सांगायला पाहिजे होतं हे सायलीताईंचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पुतण्याच्या वेळी मी आवाज चढवला तो भीतीनं. माझी वहिनी पडद्यामागे थरथरत होती. कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या सिस्टरवर ओरडलो नसतो. त्यांची माफी मागायची राहून गेली.

अप्पा_सातारकर | १३ जून, सायंकाळी ६:२०

आमच्या लहानपणी भुलीसाठी ईथर असायचा. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन १९६४ साली झालं, तो वास अजून नाकात आहे. आई सांगायची, मी उठल्यावर वार्डात "बैल सुटला, बैल सुटला" म्हणून ओरडत होतो. घरी आल्यावर आजीनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि पोर वाऱ्यात सापडलं होतं म्हणाली. आता डॉक्टरीणबाईंचं वाचून साठ वर्षांनी उलगडा झाला. सूनबाई, काळजी करू नका. मी बघा, चार मुलं शिकवली, शेती केली, बैल सुटला नाही.

लेस्टरकर | १४ जून, पहाटे १:१०

इंग्लंडमधून. धाकटीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तीन वर्षांची होती. इथे मुलांच्या वार्डात खेळ घेणाऱ्या ताई असतात, नेमलेल्या. त्यांनी आधीच एक मास्क दिला, बाहुलीला लावायला. लेक दहा मिनिटं बाहुलीला झोपवत बसली. मला भूल देण्याच्या खोलीत सोबत येऊ दिलं, माझ्या मांडीवरच ती झोपली. आणि भूलतज्ज्ञांनी मला सांगितलं, "उठल्यावर ती कदाचित तुम्हाला ओळखणार नाही, चिडेल. तिला ते आठवणार नाही, तुम्हाला आठवेल. म्हणून आत्ता सांगतोय."

तसंच झालं. गंमत म्हणजे लेक नर्सरीत फाडफाड इंग्रजी बोलते, पण त्या वेळी पूर्ण मराठीत, "सोड मला! जा तू! जा!" नर्सला एक अक्षर कळेना, म्हणून मला पाच मिनिटं आधीच आत बोलावलं. मला भीती वाटली नाही असं नाही. पण काय चाललंय ते माहीत होतं, म्हणून मी तिथे उभी राहू शकले.

मंदस्वर | १४ जून, सकाळी ६:५०

काल रात्री इमर्जन्सी आली, म्हणून आत्ता.

लेस्टरकरांच्या भूलतज्ज्ञांचं ते वाक्य मी आजपासून वापरणार आहे.

मेंदूबद्दल. भूल उतरतानाचा भ्रम आणि मेंदूला इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भ्रम ओसरला की ओसरला. काही मुलांना त्यानंतर एक-दोन आठवडे वाईट स्वप्नं पडतात, अंथरूण ओलं होतं, आईला सोडवत नाही. तेही बहुतेकांचं निवळतं. रागवायचं नाही, एवढंच.

भुलीचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो का, हा स्वतंत्र प्रश्न आणि पालक तो हल्ली विचारतातच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ च्या डिसेंबरात सावधगिरीची सूचना काढली. ती तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांबलेली किंवा वारंवार दिलेली भूल याबद्दल आहे. दुसरीकडे ७ देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काहींना सेव्होफ्लुरेनची भूल, काहींना कमरेखालचा भाग बधिर करून. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक नव्हता. २०१९ साली ते निष्कर्ष छापून आले. ती भूल तासाभराच्या आतली होती, हे लक्षात ठेवून वाचा. सायली, तुमचा मुलगा सव्वाचारचा, भूल तासाच्या आत. तिरळेपणाचं ऑपरेशन या भीतीपोटी टाळू नका.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. वय तेच, डोळ्यांचं ऑपरेशन, त्यात आधीचा अनुभव. म्हणून भूलतज्ज्ञांना भेटून आधी झालंय हे सांगा. औषधाचं नाव घेऊन मागणी करू नका, काय झालं ते सांगा. पर्याय आहेत: वासाऐवजी शिरेतून प्रोपोफॉल या औषधावर भूल चालू ठेवणं, शेवटी त्याचाच छोटा डोस, शांत करणारं डेक्समेडेटोमिडीन, दुखणं मारणारं थोडं फेंटानिल. प्रत्येक मुलाला प्रत्येक औषध चालत नाही, ते ठरवणं त्यांचं काम. ऑपरेशनआधी मूल जितकं घाबरलेलं, तितकी नंतर हे होण्याची शक्यता जास्त. मिडाझोलाम हे भीती घालवणारं, गुंगीचं औषध आधी पाजलं तर मूल शांतपणे आत जातं, मात्र उठताना त्याचा उपयोग होतोच असं म्हणवत नाही. आणि डोळ्याच्या या ऑपरेशननंतर उलट्या बऱ्याच होतात, त्याचीही मनाची तयारी ठेवा.

रानजाई | १४ जून, सकाळी ९:२५

अवांतर, पण विचारतेच. उपाशी किती ठेवायचं? आमच्याकडे आदल्या रात्री नऊनंतर पाणीसुद्धा नाही म्हणाले आणि ऑपरेशन दुपारी एकला लागलं. पोर भुकेनंच अर्धमेलं.

मंदस्वर | १४ जून, सकाळी ९:५०

इतकं नको. साधा हिशेब: हलकं खाणं किंवा वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. काही ठिकाणी पाणी एक तास आधीपर्यंतही देतात. पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ पाळा. पटत नसेल तर फोन करून विचारा, परस्पर बदलू नका.

कोवळंऊन | १४ जून, सकाळी १०:१०

यावरून आठवलं. दातांच्या वेळी पहिली तारीख रद्द झाली होती, कारण माझ्या आईनं नातीला गपचूप एक मारी बिस्किट दिलं. "एवढ्याशा बिस्किटानं काय होतंय?" टेबलवर घ्यायच्या आधी भूलतज्ज्ञांनी लेकीलाच विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?" लेकीनं खरं सांगितलं. आईला राग आला होता, पण पोटातलं श्वासनळीत जाऊ शकतं हे समजावल्यावर तीच रडायला लागली. आज्यांना आधीच सांगून ठेवा.

माई_परिचारिका | १५ जून, रात्री १०:३०

सगळा धागा वाचला. मी बावीस वर्षं सिस्टर आहे, त्यातली तेरा रिकव्हरीत. सायली, "होतं असं, उतरेल" हे मीही शेकडो वेळा म्हटलंय. आपल्याला रोज दिसतं म्हणून आपण ते सहज बोलतो. त्या आईच्या आयुष्यात ते एकदाच घडत असतं, हे तुझं वाचून टोचलं.

हातानं करायच्या गोष्टी सांगते, औषधांचं डॉक्टर सांगतात.

कठड्यांना दोन्ही बाजूंनी रजई गुंडाळायची, ऑपरेशन चालू असतानाच. नंतर वेळ मिळत नाही. सुईवर फळी आणि पट्टी, त्यावर पायमोजा चढवून मनगटापाशी चिकटवायचा. मूल मोज्याशी झटापट करतं, सुई वाचते. दिवा मंद. मूल आपणहून जागं होतंय तर होऊ द्यावं, गालावर चापट्या मारून नाव घेत उठवू नये.

सगळ्यात महत्त्वाचं, एकच आवाज. खाटेभोवती आई, बाबा, आत्या, दोन सिस्टर आणि एक मामा, सगळे एकदम "बाळा, बाळा" करतात. त्या पोराला ती गर्दीच वाटते. एकानंच बोलायचं, हळू, तेच तेच. प्रश्न विचारायचे नाहीत. "मी कोण? ओळखलंस का?" हे तर नकोच. आवळून धरलं तर आणखी बिथरतं. पडू नये, डोकं आपटू नये एवढं बघायचं.

आणि आईची रोजच्या वापरातली ओढणी आणायची. न धुतलेली. उशीशी ठेवायची. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण मी पोरांना तिच्यात तोंड खुपसून शांत होताना पाहिलंय. नजर ओळखत नाही तेव्हा नाक ओळखतं, असं मला वाटतं. डॉक्टरीणबाई चूक असेल तर सांगा.

मंदस्वर | १५ जून, रात्री ११:०५

माई, ओढणीबद्दल मला पुरावा देता येणार नाही. पण मोज्याची युक्ती उद्याच्या लिस्टला करून बघते.

तळ्याकाठी | १६ जून, सकाळी ८:००

लहान गावातल्या नर्सिंग होममध्ये आई-बाबांना रिकव्हरीत सोडतच नाहीत. तिथे काय करायचं?

माई_परिचारिका | १६ जून, दुपारी १:४५

तळ्याकाठी, आदल्या दिवशी विचारून ठेवायचं, त्या क्षणी दारात भांडायचं नाही. "उठताना मी एकटीच येईन, गडबड करणार नाही" असं सांगितलं की बऱ्याच जागी ऐकतात. चप्पल बाहेर, डोक्याला टोपी, मोबाईल बंद.

सायली_नाशिक | १६ जून, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नवऱ्याला हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. चाफेकळींच्या चष्म्यापाशी तो पहिल्यांदा हसला आणि मग खूप रडला. त्या दिवसापासून आम्ही दोघं यावर बोललोच नव्हतो. पोरानं चार दिवस अंथरूण ओलं केलं होतं, मी एकदा रागवलेही. आता नाही.

सायली_नाशिक | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

धागा वर आणतेय. डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं.

आठवडाभर आधी भूलतज्ज्ञांना भेटून जूनमधलं सगळं सांगितलं. मी कागदावर लिहूनच नेलं होतं: किती वेळ, काय बोलला, किती वेळानं झोपला. त्यांनी तो कागद फाइलला लावला. म्हणाले, या वेळी शिरेतून भूल देऊ आणि सुईच्या जागी बधिर करणारं मलम आधीच लावू. लेकाला घरी आठवडाभर गाळणीचा मास्क करून ससोबाला भूल द्यायला लावलं. ससोबा दिवसातून सहा वेळा झोपत होता.

मोजा नेला होता, पिवळा. सिस्टरना सांगताना मला संकोच वाटत होता, पण त्या "अरे वा" म्हणाल्या आणि लगेच चढवला.

भ्रम झालाच नाही असं नाही. उठला, डोळ्याला मलम असल्यामुळे धड उघडेना, त्यानं घाबरला आणि पुन्हा तेच, "आई पाहिजे." पोटात गोळा आला. पण मी "ओळखलंस का" विचारलं नाही. नवरा दाराबाहेर थांबला. मी ओढणी उशीशी सारली आणि "आई इथेच आहे, तू दवाखान्यात आहेस, आता घरी जायचंय" एवढंच म्हणत राहिले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. सात मिनिटं. मग त्यानं मोज्यातला हात ओढणीवर टाकला आणि तोंड आत घातलं. संध्याकाळी दोन उलट्या झाल्या, रात्री दहीभात मागितला. डोळा लाल आहे, पण सरळ दिसतोय.

माई_परिचारिका | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

ओढणी धुतली नव्हतीस ना?

सायली_नाशिक | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४४

नाही माई. तीन दिवस वापरत होते. आत्ताही त्याच्याकडेच आहे, सोडत नाहीये.